अळणी पाव

१

सोमवारी सकाळी सव्वासातला पुंजा भोयेनं दुसऱ्या खेपेचा मैदा काढायला गोडाऊन उघडलं, तेव्हा पोत्यांची थप्पी कोसळलेली होती. पोत्यांखालून एक पाय बाहेर आला होता. पायात चप्पल नव्हती. टाचेच्या भेगांवरून पुंजानं मालक ओळखला.

डिसेंबर १९९८ मधली ही गोष्ट. मी, वाल्मीक शेवाळे, तेव्हा नाशिक रोडला पोलीस इन्स्पेक्टर होतो. आम्ही पोहोचलो तोवर कामगारांनी पोती बाजूला केली होती. खंडेराव कापडणीस, वय बासष्ट, पाठीवर पडले होते. भुवया, मिशा, कान, सगळं मैद्यानं पांढरं झालेलं. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम होती, रक्त फारसं नव्हतं.

“थप्पी तिरकी लागली असेल,” कुणीतरी म्हणालं. “वरचं पोतं ओढायला गेले असतील.”

मलाही तसंच वाटलं. त्यांची बायको ठमाबाई पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती. आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट सांगत होती, “सहा वाजता गेले होते, मैदा बघायला.” मुलगा कुंदन सातपूरच्या कारखान्यातून फोन मिळताच धावत आला आणि आईच्या पायाशी कोसळला. सगळं अपघातासारखंच होतं.

दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

“शेवाळे, याच्या नाकात मैदा नाही. घशात नाही, श्वासनळीत तर नाहीच.”

“म्हणजे?”

“पोती पडली तेव्हा हा माणूस श्वास घेत नव्हता. कधी गेला ते मात्र या थंडीत नक्की सांगता येणार नाही.”

२

खंडेराव मूळचे सटाण्याकडचे. सासष्ट साली ते नाशिक रोडला आले. नोटांच्या प्रेसच्या कॉलन्यांमध्ये सायकलवर दुसऱ्याच्या बेकरीचे पाव विकायचे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत दारात पाव, ही त्यांची ख्याती. चौऱ्याहत्तर साली त्यांनी स्वतःची लाकडाची भट्टी घातली. त्या भट्टीच्या विटा ठमाबाईंनी डोक्यावरून वाहिल्या होत्या. पुढे टोस्ट आला, खारी आली. माझी बदली नाशिक रोडला झाली तेव्हा पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी दूधवाला सांगितला, पेपरवाला सांगितला आणि “पाव कापडणीसांचाच घ्या” असं बजावलं.

पंचाण्णव साली कुंदननं सातपूरला कारखाना काढला. तिथं कापलेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड व्हायचा. त्याच्या गाड्या चांदवडपर्यंत जायच्या. दीडशे माणसं कामाला होती. मुंबईची एक मोठी कंपनी भागीदारीसाठी बोलणी करत होती. जुनी भट्टी मात्र खंडेरावांनी बंद केली नाही. घर भट्टीला लागून होतं आणि ते रोज पहाटे चारला तिथं हजर असत.

त्यांचं एक व्रतच होतं म्हणा. मीठ दुसऱ्या कुणी टाकायचं नाही. एकोणऐंशी साली दोन कामगारांनी एकाच पिठात दोनदा मीठ टाकलं आणि एका लग्नाचा सगळा पाव परत आला. तेव्हापासून रोज पहाटे चारला खंडेराव स्वतः मीठ मोजायचे, पाण्याच्या पिपात टाकून ढवळायचे आणि घरात जायचे. मग पुंजा त्या पाण्यात पीठ मळायला घ्यायचा. हे सगळं नाशिक रोडला ठाऊक होतं. हॉटेलवाले कौतुकानं सांगत.

ठमाबाईंचा जबाब मी सोमवारी संध्याकाळीच घेतला. भिंतीला टेकून, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या बोलत होत्या. खुंटीवर खंडेरावांचा करडा स्वेटर आणि मफलर लटकत होता.

“रविवारी भट्टी दुपारनंतर बंद. संध्याकाळी सातला कुंदन आला, जेवला, साडेआठला गेला. आम्ही निजलो. चारला हे उठले. भट्टीवर गेले, मीठ टाकून आले. चहा घेतला. सहाला म्हणले, मैदा कमी दिसतोय, बघून येतो. गेले ते गेलेच.”

“त्या वेळी भट्टीवर कोण होतं?”

“पुंजा. आणिक दोघं पाव घेऊन सायकलीनं निघाले होते.”

“गोडाऊनची किल्ली?”

“एक घरात. एक पुंजाकडं.”

कुंदनची चौकशी सोपी होती. पहाटे साडेतीनला कारखान्यातली ब्रेड पुढे नेणारी पट्टी अडकली म्हणून त्याला घरून बोलावून नेलं होतं. तेव्हापासून वडिलांच्या निधनाचा फोन येईपर्यंत वीस माणसांनी त्याला पाहिलं होतं. खंडेराव सहाला जिवंत होते, तर कुंदनचा काही संबंध उरत नव्हता.

उरत होता फक्त पुंजा. आणि पुंजाकडे कारण होतं.

३

पुंजा पेठकडच्या डोंगरातला. चोवीस वर्षं तो या भट्टीवर होता. गावाकडे पाऊसभर भात आणि नागली. ती बायको तानुबाई बघायची. त्याची एकुलती एक मुलगी सविता, एकोणीस वर्षांची, सातपूरच्या कारखान्यात पीठ मळायच्या मशीनवर होती. जुलैमध्ये ती त्या मशीनमध्ये ओढली गेली. मशीन थांबवेपर्यंत उशीर झाला होता.

कारखान्यानं लिहून दिलं होतं की झाकण उघडताच मशीन बंद करणारा खटका होता. सवितानं काम लवकर उरकायला तो स्वतःच निकामी केला. कारखाना निरीक्षकांपुढे चौकशी चालू होती. पुढची तारीख याच सोमवारी अकराची होती.

“पोरीला कामाला कुणी लावलं?” मी पुंजाला विचारलं.

“शेठनीच.”

“राग नाही आला त्यांचा?”

“आला ना सायेब. दोन महिने बोललो नाय त्यांच्याशी.” त्याच्या हातांवर भट्टीच्या डागांचे जुने पांढरे ठिपके होते. “मग दसऱ्यानंतर ते सोताच आले. माझ्या खोलीत खाली बसले. म्हणले, पुंजा, तुझ्या पोरीची चूक नव्हती. मी तसं सांगेन. एवढंच म्हणले.”

“सोमवारी पहाटे ते भट्टीवर आले होते?”

“दिसले नाय. मी चारला आलो, पीप भरलेलं होतं. ते रविवारीच भरून ठेवतो, पहिल्या खेपेचा मैदा पण तेव्हाच काढून ठेवतो. वाटलं, थंडीचं लवकर येऊन मीठ टाकून गेले असतील. मळायला घेतलं.”

“ठमाबाई म्हणतात, ते येऊन गेले.”

“काकू म्हणत असतील तर आले असतील. मला दिसले नाय.” मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “त्या दिवशी पीठ पण लय लवकर फुगलं. एवढ्या थंडीत उशीर लागाया पायजे. हाताला चिकटत होतं.”

मी ते लिहूनही घेतलं नाही. मला वाटलं, माणूस विषय बदलतोय.

वरून फोन येत होते. कापडणीसांचं नाव मोठं होतं, आणि एका म्हाताऱ्या विधवेच्या शब्दापुढे डोंगरातल्या एका मजुराचा शब्द होता. मंगळवारी संध्याकाळी मी पुंजाला अटक केली. आदेश कुणाचेही असोत, सही माझी होती.

तानुबाई बुधवारी सकाळच्या एसटीनं आली. ठाण्याच्या आवारात बसून राहिली. मी बाहेर पडताना ती उठली आणि विचारलं, “पोरगी गेली ती तिची चूक. मालक गेला ती ह्याची चूक. सायेब, तुमच्या शहरात दुसऱ्या कुणाची चूक कधीच नस्ती का?”

४

खंडेरावांची मुलगी दीपमाला इंदिरानगरला राहायची. ती शाळेत शिकवायची. तिनं दार उघडलं आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “पुंजाकाकांनी नाही केलं.”

“कशावरून?”

“बापू शनिवारी इथे आले होते. सोमवारी चौकशीत काय बोलायचं ते त्यांना माझ्याकडून कागदावर लिहून हवं होतं. त्यांना लिहिता कमी यायचं.”

“काय बोलणार होते?”

“खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होती. सविताचं मशीन सील होतं, म्हणून दुसऱ्याची केली. बापूंनी फुलं वाहायला झाकण उचललं आणि कुणीतरी मागून बटण दाबलं. झाकण उघडं असताना पाती फिरायला लागली. बापूंचा हात आत होता, थोडक्यात वाचला. त्यांनी खाली वाकून बघितलं. खटक्याच्या दोन्ही टोकांना तार जोडलेली. सविता त्या मशीनवर कधी नव्हतीच, साहेब. मग तिथली तार कुणी जोडली?”

“कुणी?”

“दादानं. दर वेळी झाकण उघडलं की मशीन थांबायचं, माल कमी निघायचा. बापूंनी त्याला विचारलं, तो कबूलही झाला. दिवाळीपर्यंत थांबा म्हणाला, मग मुंबईची बोलणी होईपर्यंत थांबा म्हणाला. शनिवारी बापू म्हणाले, आता थांबायचं नाही.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“आई म्हणाली, दादा तेव्हा कारखान्यात होता. आई खोटं कशाला बोलेल? तिनं घरात इतकी वर्षं काढली. आमच्यापेक्षा तिला बापू जास्त जवळचे.”

कुंदन केस काढून, जमिनीवर घोंगडीवर बसला होता. मी तारेचं विचारलं. त्यानं मान वर केली नाही.

“दीपाचा गैरसमज आहे. बापूंचं वय झालं होतं, साहेब. त्यांना भास व्हायचे. दोन्ही मशीन व्यवस्थित आहेत.”

मी तिथून थेट सातपूरला गेलो. मालक सुतकात होते, ब्रेड मात्र चालू होता. पीठ मळायच्या मशीनसमोर उभं राहून मी कामगाराला म्हणालो, “झाकण उचल.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे पाहिलं.

“उचल.”

झाकण वर गेलं. पाती फिरतच राहिली.

५

कुंदनला बापाचं तोंड बंद करायचं कारण होतं, हे आता माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पहाटे साडेतीनपासून तो कारखान्यात होता आणि त्याचे वडील सहापर्यंत घरात. आईचा जबाब मध्ये भिंतीसारखा उभा होता.

गुरुवारी दुपारी मी दोन दिवसांनी घरी जेवायला गेलो. माझी बायको लता वाढता वाढता म्हणाली, “कापडणीसांचा पाव बंद झाला, आता दुसरा बघायला हवा. तसा सोमवारी आलेलाही टाकूनच दिला म्हणा.”

“का?”

“अळणी होता. मुलांनी तोंडातून काढला. म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मग नऊ वाजता कळलं की ते गेले.”

मी हातातला घास ताटात ठेवला. “अळणी म्हणजे मीठ कमी?”

“कमी नाही. नव्हतंच.”

मी हात धुऊन उठलो. स्टेशनसमोरच्या मिसळवाल्यानं सांगितलं, सोमवारी सकाळी पहिल्या पंधरा गिऱ्हाइकांनी पाव परत केला. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं तेच सांगितलं. प्रेस कॉलनीतल्या तीन घरांत तेच. सगळ्या नाशिक रोडला माहीत होतं. दारात प्रेत असताना पावाची तक्रार घेऊन कापडणीसांकडे कोण जाणार, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

मी कोठडीत पुंजाकडे गेलो.

“पीठ लवकर फुगलं म्हणालास. का फुगलं?”

“यीस्ट जास्त पडलं असल.”

“आणि मीठ पडलंच नसेल तर?”

तो हळूहळू गजाला धरून खाली बसला. “मीठ यीस्टला आवरतं, सायेब. मीठ नसलं की पीठ धावतं. चिकटतं. पाव फिका निघतो. फिकाच होता. मला वाटलं, भट्टी कमी तापली. शेठ आलेच नव्हते... मी रिकाम्या पाण्यात मळलं.”

ठाण्यात परतलो तर टेबलावर डॉक्टरांचा सविस्तर अहवाल आला होता. मी तो उभ्यानंच वाचला. मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल त्यात एक परिच्छेद होता. तो दोनदा वाचून मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि कापडणीसांच्या घरी गेलो.

६

ठमाबाई त्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुंदन आतल्या खोलीत होता. मी दीपमालाला बोलावून घेतलं होतं. ती दाराशी उभी राहिली.

“काकू, सोमवारची सकाळ पुन्हा सांगा.”

त्यांनी सांगितली. शब्दसुद्धा तेच होते.

“मीठ टाकून आले, हे नक्की?”

“आले ना. हात पुसत आले.”

“त्या सकाळचा पाव या घरात कुणी खाल्ला?”

“सुतकात कोण खातो?”

“बाहेर सगळ्यांनी खाल्ला. त्यात मीठ नव्हतं.”

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त पदर धरलेले हात मांडीवर आले.

“एकोणीस वर्षांत खंडेरावांचं मीठ एकदाही चुकलं नाही,” मी म्हणालो. “त्या दिवशी चारला ते भट्टीवर आलेच नाहीत. घरातून निघालेच नाहीत. मग चहा कुणी घेतला? सहाला कोण गेलं? तुम्ही मला रोजची सकाळ सांगितलीत. ती तुम्हाला पाठ होती. आणि हा स्वेटर बघा. सोमवारी पहाटे पारा सहाच्या खाली होता. बासष्ट वर्षांचा माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर बाहेर जाईल? ते कपडे रविवार संध्याकाळचे होते. भट्टी दुपारी बंद झाली तरी तेव्हा गरम होती, तिथं बसायला स्वेटर लागत नव्हता.”

“आई,” दीपमाला म्हणाली.

“रविवारी संध्याकाळी इथं एकच माणूस आला होता. त्याच्यासाठीच तुम्ही खोटं बोलाल, दुसऱ्या कुणासाठी नाही. पुंजा दोन दिवस कोठडीत आहे, काकू. त्याची बायको ठाण्याच्या आवारात बसलीय. आधी त्यांची पोरगी गेली.”

ठमाबाई बोलू लागल्या, तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता, सपाट.

“पुंजावर येईल असं वाटलं नव्हतं मला. पोती पडली म्हणतील, वाटलं. आलं त्याच्यावर, आणि मी गप बसले. ते माझं पाप हाय.”

“काय झालं होतं?”

“भट्टीपाशी दोघं बोलत होते. आवाज वाढला म्हणून गेले. कुंदन म्हणत होता, बापू, तुम्ही बोललात तर मी तुरुंगात जाईन, कारखाना जाईल. हे म्हणले, जाऊ दे, सायकल हाय अजून. त्यानं ढकललं. मारायला नाय. नुसतं दूर ढकललं. भट्टीच्या लोखंडी दाराचा कोपरा लागला डोक्याला. कुंदन म्हणाला, गेले. मी बघितलं. हलत नव्हते. नंतर, रस्ता सामसूम झाल्यावर, त्यानं गोडाऊनमध्ये नेलं. सहाचं माझ्याच मनात आलं. त्यानं सांगितलं नव्हतं. नवरा गेला होता, साहेब. पोरगा तरी...”

आतल्या खोलीचं दार उघडलं. कुंदन चौकटीला धरून उभा होता. “आई, पुरे,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. “चला.”

तो चपला घालत असताना ठमाबाईंनी माझी बाही धरली.

“डॉक्टर काय म्हणले? लगेच गेले ना हे? तरास नाय झाला ना?”

खिशातला कागद माझ्या छातीला लागत होता.

“लगेच गेले,” मी म्हणालो.

७

पुंजा त्याच संध्याकाळी सुटला. तानुबाईनं त्याला काही विचारलं नाही. त्याची पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली. कारखाना निरीक्षकांपुढे ठमाबाई स्वतः गेल्या. नवऱ्यानं जे सांगायचं ठरवलं होतं ते त्यांनी जमेल तसं सांगितलं, आणि सविताच्या नावावरचा ठपका पुसला गेला. मुंबईच्या कंपनीनं पुढच्या वर्षी कारखाना घेतला. जुनी भट्टी पुन्हा पेटली नाही.

खटला दोन हजार एक साली उभा राहिला. ठमाबाईंनी मुलाविरुद्ध साक्ष दिली. एकदाही शब्द फिरवला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. साक्ष झाल्यावर त्या घरी गेल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मागच्या बाकावर बसून राहिल्या आणि दुपारी डॉक्टर साक्षीला आले.

सरकारी वकिलांनी विचारलं, “मार लागल्यावर मृत्यू लगेच झाला?”

“नाही. मेंदूत रक्त हळूहळू साचत गेलं. बेशुद्धीत, पण दीड ते दोन तास ते जिवंत असावेत. श्वास अगदी मंद असेल. जाणकार नसलेल्याला कळणार नाही.”

“त्या वेळात दवाखान्यात नेलं असतं तर?”

“वाचण्याची बरीच शक्यता होती.”

कुंदननं दोन्ही हातांत तोंड झाकलं. मी मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बघितलं. ठमाबाई माझ्याकडेच पाहत होत्या.

कोर्ट उठल्यावर त्या मला व्हरांड्यात भेटल्या. दीपमाला रिक्षा आणायला गेली होती. मी तीन वर्षं या भेटीसाठी शब्द जमवत होतो.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

त्यांनी मान हलवली. रागावल्यासारखं काही नव्हतं. मग उजवा हात पुढे करून त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

“मी त्यांच्याजवळच बसले होते तेवढा वेळ, आधी भट्टीपाशी, मग गोडाऊनात. त्यांचा हात माझ्या हातात होता. गार लागला, म्हणून वाटलं, गेले.” त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. “थंडी होती, साहेब. माझा पण हात तेवढाच गार होता.”